गाडी अजून घुटमळते

या पानावर मी गेली चार वर्षं येतोय, आणि खरं सांगायचं तर तुमच्या गोष्टींत चुका काढायला येतोय. कुणी लिहिलं की वळणावर पांढरी साडी दिसली, तर खाली 'चष्म्याचा नंबर तपासून घ्या' असं लिहिणारा आगाऊ मेंबर मीच. आजही माझं मत बदललेलं नाही. आमच्या घरात देव आहेत ते बायकोचे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस... आमच्याकडे साधा नियम असतो, बग पुन्हा करून दाखवता आला तर तो बग, नाहीतर वापरणाऱ्याची चूक. माझ्या बाबतीत जे झालं ते मी शंभर वेळा पुन्हा करून दाखवलंय, हीच माझी अडचण आहे.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो. यात भीतीपेक्षा लाज जास्त आहे, म्हणून लिहायला इतकी वर्षं लागली. बायकोला यातलं अर्धंच माहीत होतं. काल रात्रीच्या जेवणानंतर तिला उरलेलं सांगितलं आणि मग लिहायला बसलो.

मी, बायको अश्विनी आणि तेव्हा चार वर्षांची इरा, आम्ही त्सुकुबात राहायचो. टोकियोपासून ट्रेनने पाऊण तासावर. सरळसोट रुंद रस्ते, संशोधन संस्था, मधेच भातखाचरं, आणि गाडीशिवाय पान हलत नाही असं गाव. कंपनीने तिथल्या एका प्रोजेक्टवर तीन वर्षांसाठी पाठवलं होतं, पुढे मुदत वाढत गेली. आम्ही दोन मजली अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर आणि शेजारच्या बैठ्या घरात नेमोतो-सान. वय बहात्तर, एकटेच. चाळीस वर्षं त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याआधी वडिलांचं. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं आणि दुकानातल्या सगळ्या गाड्या विकून टाकल्या. स्वतःसाठी एकही ठेवली नाही. का, विचारलं तर म्हणाले, "एक ठेवली असती तर दुकान बंद झालं नसतं."

२०१० च्या पावसाळ्यानंतर मी एक जुनी मोटरसायकल घेतली. अडीचशे सीसी, सिंगल सिलिंडर, जवळपास माझ्याच वयाची. कॉलेजात असताना पुण्यात मित्रांच्या गाड्यांवर मागे बसून फिरलो होतो, ती हौस. दिसायला देखणी होती पण एक खोड होती – घुटमळायची. म्हणजे उभी असताना मस्त चालू, सरळ रस्त्यावर वेगात मस्त, पण सिग्नलला थांबून निघताना अॅक्सिलरेटर दिला की अर्धा सेकंद काहीच नाही. आवंढा गिळल्यासारखा आवाज, आणि मग एकदम गचका देऊन पुढे. मागच्या ट्रकवाल्यासमोर तो अर्धा सेकंद फार मोठा असतो.

पहिल्या रविवारी मी जिन्याखाली कार्बोरेटर उघडून बसलो होतो तर कुंपणापलीकडून नेमोतो-सान बघत होते. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. मी म्हटलं, "तुम्ही बघता का जरा?"

"बघतोच आहे," ते म्हणाले.

त्यांची शिकवायची पद्धत तीच. हात पाठीमागे आणि पाना कायम माझ्या हातात. एअर स्क्रू किती फिरवायचा? दीड आटा की दोन? मी वही घेऊन बसायचो, एक्सेलमध्ये तक्ता केला होता – तापमान, जेटचा नंबर, नीडलची क्लिप कितव्या खाचेत. ते त्या तक्त्याकडे सुनेने केलेल्या पहिल्या पोळीकडे बघावं तसं बघायचे. "आकडा मी सांगितला तर तो माझा होईल," म्हणायचे. "ऐक. उपाशी आहे की जास्त जेवलीय, एवढंच ओळखायचं." म्हणजे पेट्रोल कमी पडतंय की जास्त. संपूर्ण हिवाळा आमचे रविवार असे गेले. अश्विनी वरून चहा पाठवायची, इरा त्यांच्याशी फाडफाड जपानीत बोलायची आणि माझ्या जपानीच्या चुका त्यांना समजावून सांगायची. मला तिथे वडीलधारं असं माणूस दुसरं नव्हतं. ऑफिसमध्ये सगळे 'केदार-सान', पण यांच्या तोंडी ते ऐकताना बरं वाटायचं.

मार्चच्या सुरुवातीला मला ती खोड सापडली. कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या स्लो जेटच्या भोकात केसाएवढा चिकट थर होता, आधी तीन वेळा साफ करूनही राहिलेला. तो काढला, नीडल एक खाच वर घेतली, एअर स्क्रू कानाने लावला... आणि गुरुवारी संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर चक्कर मारली तर गाडी लोण्यासारखी. अॅक्सिलरेटर द्यायचा अवकाश, की निघाली! मी पंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरून आणली. नेमोतो-सानना मुद्दाम सांगितलं नाही. शनिवारी त्यांना मागे बसवून न्यायचं आणि मग त्यांचा चेहरा बघायचा असं ठरवलं होतं.

शुक्रवारी दुपारी भूकंप झाला.

त्यावर मी जास्त लिहीत नाही, तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. आमच्याकडे कपाटं पडली, वीज गेली, पाणी गेलं. नेमोतो-सान पहिल्या रात्री त्यांचा केरोसिनचा हीटर आणि पाण्याच्या चार बाटल्या घेऊन आमच्याकडे वर आले. "लहान मूल आहे," एवढंच म्हणाले. हीटर ठेवून खाली थंड घरात झोपायला गेले. शनिवारी अणुभट्टीची बातमी आली, सोमवारी दुसरा स्फोट. पुण्याहून सासरे दर तासाला फोन लावायचे, दहातला एक लागायचा. ऑफिसने सांगितलं, ज्यांना जायचंय त्यांनी जावं. सोमवारी सकाळी मला मंगळवारच्या विमानाची तीन तिकिटं मिळाली.

आता प्रश्न विमानतळावर पोचायचा. बस बंद, ट्रेन बंद. माझ्या कारचा काटा तळाला टेकलेला. पेट्रोल पंपांसमोर किलोमीटरभर रांगा, आणि नंबर लागेपर्यंत पंपावर 'संपलं'चा फलक. पण जिन्याखाली कव्हर घातलेल्या मोटरसायकलमध्ये बारा लिटर होतं. मी मनात हिशेब संपवून टाकला होता.

सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास मी खाली बॅगा ठेवत होतो तेव्हा नेमोतो-सान आले. दाढी वाढलेली. त्यांची मोठी बहीण फुमिको, एकोणऐंशी वर्षांची, उत्तरेला समुद्राकाठच्या एका छोट्या बंदरात एकटी राहायची. इथून शंभर एक किलोमीटर. या बहिणीबद्दल मी बरंच ऐकून होतो – लहानपणी वडिलांच्या दुकानात कंदील धरून उभी राहायची, नुसत्या आवाजावरून कुठल्या गिऱ्हाइकाची गाडी आली ते सांगायची. नेमोतो-सान म्हणाले, निरोप आलाय, ती लाटेतून वाचलीय, टेकडीवरच्या शाळेच्या व्यायामशाळेत आहे. पण हृदयाची औषधं घरात राहिली आणि घर गेलं. त्यांच्याकडे इथल्या डॉक्टरांकडून घेतलेली औषधांची पिशवी होती. त्यांच्या छोट्या ट्रकमध्ये पेट्रोल नव्हतं. आणि असतं तरी वाटेत रस्ते खचलेत, मोटारी जात नाहीत.

"पण दुचाकी जाते म्हणतात," असं म्हणून ते थांबले. मग कव्हरकडे न बघता त्यांनी विचारलं, "केदार-सान, तिचं कसं काय सध्या?"

इथे जे राहिलेत त्यांना हे कळेल. जपानी माणूस मागत नाही. तो विषय तुमच्यासमोर आणून ठेवतो आणि बाजूला होतो – द्यायचं असेल तर तुम्ही म्हणायचं, घेऊन जा ना. नसेल द्यायचं तर तुम्हीही नाही म्हणायचं नाही, भलतंच काहीतरी बोलायचं, म्हणजे कुणाचाच मान जात नाही. तीन वर्षांत मला ही रीत पाठ झाली होती. ऑफिसात मी तिचं कौतुक करायचो. त्या दिवशी ती मी कामाला लावली.

मी म्हटलं, "गाडी अजून घुटमळते."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"परवा तर सिग्नलला बंदच पडली," मी पुढे म्हटलं. हे कुणी विचारलंही नव्हतं. "एवढ्या लांब... या रस्त्यांवर... बरं नाही."

"असं का," ते म्हणाले. "हो, मग बरं नाही." किंचित वाकले, इराला सांभाळा म्हणाले, आणि औषधांची पिशवी हातात तशीच घेऊन परत गेले. त्यांनी मागितलं नव्हतं आणि मी नाही म्हटलं नव्हतं. किती सभ्यपणे झालं सगळं!

पंधरा मिनिटांनी मी गाडीच्या पेट्रोल कॉकची नळी काढली आणि डब्यात सगळं उतरवून घेतलं. विमानतळ साठ किलोमीटर, म्हणजे कारला पाच लिटर पुष्कळ झालं असतं. मी बाराच्या बारा काढलं. मंगळवारी सकाळी सातला आम्ही निघालो. विमानतळाच्या पार्किंगमध्ये कार लावली तेव्हा काटा पाव टाकीच्या वर होता. ते मी पाहिलं, आणि किल्ली काढली. तुम्ही म्हणाल, बायको आणि लहान मूल होतं, कुणीही हेच केलं असतं. अश्विनी काल हेच म्हणाली. मान्य. पण पाच लिटर आणि बारा लिटरमध्ये जे होतं त्याला बायको-मूल लागू होत नाही. तिथे नुसता मी होतो, उगीच, असू द्यावं म्हणून.

एप्रिलच्या शेवटी मी एकटा परत आलो. नेमोतो-सान अंगणात होते. त्यांनी आधी विचारलं, "इरा बरी आहे ना?" मी हो म्हटलं, बहिणीचं विचारलं. ते म्हणाले, "बुधवारी सकाळी गेली. मी गुरुवारी पोचलो." ते सायकलवर निघाले होते, वाटेत एका सामानाच्या ट्रकने घेतलं. एवढंच सांगून ते माझ्या बॅगा उचलायला लागले. मी बॅगा हिसकावून घेतल्या. सोमवारी दुपारी मोटरसायकल निघाली असती तर रात्र पडायच्या आत पोचली असती... हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला काही बोलायचं होतं, पण तोंडातून फक्त औपचारिक दुखवट्याचं वाक्य निघालं, पुस्तकात असतं तसं.

त्या रविवारी मी मोटरसायकलमध्ये ताजं पेट्रोल घातलं, किक मारली, चालू झाली. अॅक्सिलरेटर दिला.

घुटमळली.

अगदी तशीच. आवंढा, अर्धा सेकंद, गचका.

महिनाभर उभी होती, जेट भरलं असेल. उघडून साफ केलं. घुटमळली. फ्लोटची पातळी तपासली, इनटेकला हवा गळतेय का पाहिलं, प्लग बदलला, केबल बदलली, एअर फिल्टर बदलला. इथल्या गाडीवाल्या मंडळींनो, तुम्ही आत्ता जे जे सुचवणार आहात ते सगळं केलं. मे संपता संपता ऑनलाइन लिलावातून त्याच मॉडेलचा दुसरा कार्बोरेटर मागवला, न वापरलेला, डब्यातला. तो बसवला. घुटमळली! मी जिन्यावर बसून राहिलो. तो सुटा भाग सोमवारी त्या गाडीच्या जवळपासही नव्हता हो.

ऑफिसातला माझा सहकारी पराग, कोल्हापूरचा, गाड्यांतला दर्दी. त्याला बोलावलं. त्याने चक्कर मारली आणि हसत परत आला. "अरे केद्या, झकास चाललीय की! तुला अॅक्सिलरेटर द्यायलाच येत नाही. मनगट आहे की चमचा?" मी बसलो, घुटमळली. तो बसला, लोणी. आम्ही वीस-वीस वेळा केलं. शेवटी त्याने माझ्या मनगटावर आपला हात ठेवून माझ्या हाताने अॅक्सिलरेटर फिरवला. घुटमळली. तेव्हा त्याचं हसणं थांबलं. "विकून टाक," म्हणाला.

नेमोतो-सान कुंपणापलीकडून हे सगळं बघत होते. जूनमध्ये एक दिवस ते आत आले, आणि हिवाळाभरात जे केलं नव्हतं ते केलं – हात पाठीमागून सोडले आणि हँडल धरलं. एका किकमध्ये चालू. अॅक्सिलरेटर दिला, सोडला, दिला. गाडी गात होती. त्यांनी कान जवळ नेला, बराच वेळ ऐकलं. मग बंद केली.

"हिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "कधीपासून अशी आहे?"

त्यांनी मला खरं सांगायला सरळ दार उघडून दिलं होतं. मी म्हटलं, "तेव्हापासूनच."

ऑगस्टमध्ये बहिणीचा पहिला ओबोन आला. ओबोन म्हणजे यांचा पितृपंधरवडाच समजा, गेलेल्यांनी घरी यायचे दिवस, आणि पहिलं वर्ष जास्त महत्त्वाचं. मी त्यांना कारमधून नेतो म्हटलं. ते लगेच हो म्हणाले. बंदरात जुन्या घराच्या जागी नुसता सिमेंटचा चौथरा होता, त्यावर कुणीतरी झेंडू लावलेले. बहिणीची शेजारीण सातो-सान, साठीच्या बाई, टेकडीवरच्या देवळाजवळ नातेवाइकांकडे राहत होत्या. व्यायामशाळेत त्या शेवटपर्यंत फुमिको-सानच्या शेजारच्या अंथरुणावर होत्या. त्यांनी आम्हाला टेबलाशी बसवलं, बार्लीचा गार चहा दिला.

मी कोण, हे त्यांना नेमोतो-साननी सांगितलं, शेजारी, मोटरसायकल शिकतो माझ्याकडे. मोटरसायकल म्हटल्यावर सातो-सान एकदम म्हणाल्या, "अहो, तुमच्या मोटरसायकलचं तुम्हाला सांगायचंच राहिलंय."

"माझ्याकडे मोटरसायकल नाही," नेमोतो-सान म्हणाले.

"तेच मी तिला म्हणत होते! पण ऐकेल तर ना. मंगळवारी सकाळी, आठला आम्हाला भाताचे मुटके वाटायचे, त्याच्या जरा आधी, फुमिको-सान उठून बसली. म्हणाली, भाऊ आला, खाली चढाच्या तोंडाशी त्याची गाडी आलीय. मी बाहेर जाऊन बघून आले. कुणी नाही. पेट्रोल कुणाकडे होतं हो तेव्हा? दुपारी पुन्हा तेच. म्हणे, सिंगल सिलिंडर आहे. येते, थांबते, निघताना घुटमळते, आणि बंद पडते. कार्बोरेटर आहे, म्हणे. मला काय त्यातलं कळतंय?" सातो-सान हसल्या आणि मग त्यांनी पदर लावावा तसा टॉवेल डोळ्यांना लावला. "बुधवारी उजाडताना तिसऱ्यांदा. मी म्हटलं, जाऊन सांगू का त्यांना वर यायला? तर म्हणाली, नको, घाई करू नकोस त्याला, सावकाश करू दे नीट, मी कुठे जातेय. आणि भिंतीला टेकून बसली. सहा वाजता मी हाक मारली तर..."

मी टेबलाखालून स्वतःचा गुडघा घट्ट धरला होता. मंगळवारी सकाळी ती गाडी कोरड्या टाकीने जिन्याखाली, कव्हरात, शंभर किलोमीटर लांब उभी होती. आणि ती तेव्हा घुटमळत नव्हतीच. घुटमळत होती ती फक्त माझ्या वाक्यात. ते वाक्य मी, आणि ज्यांना ते सांगितलं ते नेमोतो-सान, यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिकडचे फोन बंद होते. ते गुरुवारी पोचले तेव्हा ती गेलेली होती.

परतताना बंदराच्या धक्क्यापाशी त्यांनी कार थांबवायला सांगितली. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, खाली माणसं जाळी दुरुस्त करत होती. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो आणि मी सगळं सांगितलं. गुरुवारची चक्कर, लोण्यासारखी चाललेली गाडी, बारा लिटर, पाव टाकीच्या वरचा काटा. माझं जपानी अशा वेळी तिसरीतल्या पोरासारखं होतं, रडू आलं तर आणखीच. मी म्हटलं, "मी खोटं बोललो. ती चांगली होती. तुम्हाला मिळाली असती तर ताई..."

मला वाटलं, आता ते पाठ फिरवून चालायला लागतील, आणि ते योग्यच होईल.

"टाकी कोरडी होती ते मला माहीत आहे," ते म्हणाले.

मला कळेना.

"मंगळवारी तुम्ही गेल्यावर मी आलो होतो. पलीकडच्या शेतकऱ्याकडून गवत कापायच्या मशीनचं दोन लिटर आणलं होतं. दुसरी किल्ली हिवाळ्यापासून माझ्याकडे होतीच. कव्हर काढलं, झाकण उघडलं. कोरडी. वाईट वाटलं नाही, तुझ्याकडे लहान मूल होतं. दोन लिटर ओतलं असतं तरी निम्म्याच्या पुढे गेलो असतो. पुढचं पायी, कुणाच्या गाडीतून, कसंही." ते समुद्राकडे बघत बोलत होते. "केदार-सान, मी चाळीस वर्षं हे काम केलंय. ते दोन लिटर ओतून एक किक मारली असती तर मला कळलं असतं, तू नीट केलीयस की नाही. एक किक."

"मग?"

"मारली नाही. हात हँडलवर होता. मला रस्त्याची भीती वाटली. त्या भट्टीच्या दिशेने जायची भीती वाटली. तिथे काय बघायला मिळेल त्याची वाटली. आणि तू सांगितलं होतंस ना, गाडी अजून घुटमळते. म्हटलं, घुटमळते तर कसं जाणार? कव्हर नीट घातलं आणि घरी जाऊन बसलो. मंगळवार बसलो, बुधवार बसलो." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू खोटं बोललास ते माझ्या सोयीचं होतं. म्हणून मी तपासलं नाही."

मी त्यांचा हात धरला. इथे असं करत नाहीत, पण त्यांनी तो काढून घेतला नाही.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. ते कारमधून उतरले ते सरळ जिन्याखाली गेले, मोटरसायकलवर बसले आणि किक मारली. चालू झाली. अॅक्सिलरेटर दिला.

घुटमळली. त्यांच्या हातात, पहिल्यांदाच. त्यांनी पुन्हा दिला, पुन्हा घुटमळली. त्यांचा चेहरा शांत होता, मान हलवून ते म्हणाले, "हं. मलाही."

मी पाने आणायला निघालो तर त्यांनी थांबवलं. नको म्हणाले, राहू दे. त्यानंतर आम्ही तिला कधी उघडलं नाही. ते होते तोवर, पुढची सहा वर्षं, मार्चमध्ये आम्ही तिच्यावरून त्या बंदराला जायचो, आळीपाळीने चालवत. प्रत्येक सिग्नलला ती आम्हा दोघांच्याही हातात घुटमळायची, मागचा माणूस हॉर्न द्यायचा आणि आम्ही माफी मागून पुढे निघायचो. आता आम्ही टोकियोत तोयोसुला राहतो, ती खाली पार्किंगमध्ये आहे. पराग अजून अधूनमधून येऊन तिच्यावर मजेत चक्कर मारून जातो. त्याला ती काही करत नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मनगटाचं मी मानून चालतो, अपराधी माणसाचा हात चुकत असेल, नेमोतो-सानचाही बोलून दाखवल्यावर चुकायला लागला असेल. आजारी, थंडीने गारठलेल्या म्हातारीला भावाची गाडी ऐकू आली असेल, तेही मानलं. पण तिला चांगली चालणारी गाडी का नाही ऐकू आली? इतकी वर्षं मी हाच एक प्रश्न उलटसुलट करतोय. सोमवारी मी तोंड उघडून सरळ 'नाही देत' म्हटलं असतं, तर कदाचित ते चिडून दुसरीकडून गाडी मिळवून गेले असते. निदान तिला काहीच ऐकू आलं नसतं. पण मी सभ्यपणे बोललो, आणि ती एक दिवस आणि एक रात्र, तीनदा, चढाच्या खाली माझी गाडी चालू व्हायची वाट बघत बसली.